आठ सेकंदांची वजाबाकी

"किती स्वच्छ दिसतं हो भाऊजी सगळं," वहिनी फोनवर म्हणाली, आणि चहाचा कप माझ्या ओठांपर्यंत येऊन तिथेच थांबला. सकाळचे सव्वाअकरा झाले असतील. फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला होता. समोरच्या पडद्यावर शाळेच्या जाहिरातीतली मुलं तीच एक उडी बाराव्यांदा मारत होती, कारण उडी कुठे तोडायची हे मला ठरवता येत नव्हतं, आणि दुसऱ्या हाताने मी उगाचच पडदा पुसत होतो, निळ्या चौकटींच्या जुन्या फडक्याने, जे वर्षानुवर्षं माझ्या टेबलावर पडलेलं असतं. वहिनी कौतुक करत नव्हती आणि टोमणाही मारत नव्हती. टोमणे मारता आले असते तर आमच्या घरात तिचं जरा बरं चाललं असतं. ती फक्त बघितलेलं सांगत होती. काल दादाच्या आजाराची पहिली सुनावणी झाली. कंपनीच्या वकिलाने भिंतीवर कारखान्याची चार मिनिटांची फिल्म लावली. तीत दादा आठ सेकंद होता, मशीनवर वाकलेला, मग मान वर करून हसणारा, आणि त्याच्या मागे नितळ हवा. वकील म्हणाला, हीच ती खोली, हाच तो माणूस, आता मला दाखवा कुठे आहे ती धूळ. शेवटी नावं आली, त्यांत संकलक म्हणून माझं नाव आलं, तेव्हा वहिनीने दादाला कोपराने ढोसून दाखवलं. दादाने म्हणे नुसती मान हलवली. "ह्यांना खोकल्याने काही बोलताच आलं नाही. पुढच्या बुधवारी परत बोलावलंय. तुम्ही या ना. तुम्ही आत गेला होतात, तुम्ही बघितलंय." मी म्हणालो, बघतो. हा माझा ठेवणीतला शब्द आहे. आयुष्यभर बघण्याचाच धंदा केला आणि बघतो म्हणून वेळ मारून नेली.

आमच्या कामात एक पायरी अशी असते जिचा गिऱ्हाइकाला गंधही नसतो. कॅमेरा जे टिपतो ते तो फार आवळून ठेवतो, इतकं की एक चित्र उघडायचं तर मागची दहा उलगडावी लागतात. त्यावर थेट कात्री चालवायला गेलं की मशीन धापा टाकायला लागतं. म्हणून आधी सगळं सोडून, सैल करून, मधल्या एका प्रकारात भरून घ्यायचं आणि कापाकापी त्यावर करायची. आम्ही त्याला नुसतं 'मधलं' म्हणतो. मधलं झालं का, मधल्यात बघ, मधलं टाकून ठेव. गाठोडं सोडून कपाटात लावावं तसं ते काम आहे, आणि गाठोडं सोडताना काही ना काही सांडतंच. कपाळावरचे केस सांडतात, कापडाची वीण सांडते, भिंतीवरचे पोपडे सांडतात. हा तोटा डोळ्यांना जाणवण्याजोगा नसतो असं या धंद्यातली शहाणी माणसं सांगतात, आणि मीही तेच सांगत आलो. त्या मधल्याचेही दोन प्रकार असतात, जड आणि हलका. जड जागा फार खातो, आणि माझ्याकडे जागेची कायम मारामार, म्हणून हलका. हलक्यात दर चित्राला ठरावीकच जागा मिळते; चित्रात बारीक काही वळवळत असलं तर तेच ती जागा खाऊन टाकतं आणि चेहरे चिखलासारखे होतात. म्हणून आधी एका चौकोनात खूण करून टाकायची: दाणे काढा. कमी उजेडात कॅमेरा चालवला की चित्रावर बारीक दाणे येतात, तो कॅमेऱ्याचा दोष. ते काढले की चित्र तुकतुकीत होतं, चेहरे गोरेगोमटे होतात, गिऱ्हाईक खूश. जेवायला बसताना हात धुवावेत तशी मी ती खूण करायचो, विचार न करता, प्रत्येक कामात.

आणि तरीही मी स्वतःला मोठा काळजीवाला कारागीर समजायचो, कारण मी वजाबाकी करायचो. कॅमेऱ्यातलं मूळ आणि आपण केलेलं मधलं एकावर एक ठेवायचं आणि मशीनला सांगायचं, वजा कर. दोन्ही सारखी असली तर पडदा काळाकुट्ट. जे हरवलं असेल तेवढंच काळोखात पुसट उजळतं. मग उजेड वाढवत न्यायचा, काय काय सांडलंय ते दिसेपर्यंत. बहुतेक वेळा कपड्यांच्या कडा दिसतात, झाडांची पानं दिसतात. दर कामातल्या आठ सेकंदांची अशी वजाबाकी मी करायचो आणि तिचा निकाल जपून ठेवायचो, उद्या कोणी तक्रार केली तर पुरावा असावा म्हणून. मूळ मात्र ठेवायचो नाही. काम पोचतं झालं की सात दिवसांनी मूळ पुसून टाकायचं, असा आमच्याकडचा नेम. तो नेम मीच घातला होता.

कारखान्याचं काम सहा वर्षांपूर्वीचं. ते मला दादानेच मिळवून दिलं होतं. कंपनीला फिल्म करायची आहे असं कानावर आल्यावर तो तडक मॅनेजरकडे गेला आणि म्हणाला, माझा धाकटा भाऊ करतो. दादा तिथे फरशांच्या कडा घासायचा. स्वयंपाकघरातल्या ओट्यांसाठी बनवलेला दगड, त्याच्या कडेला हात फिरवला तर लागू नये इतकी ती गुळगुळीत करायची. मशीनला पाण्याची नळी होती. पाणी सुरू असलं की दगडाचा भुगा खाली बसतो. पण गटार तुंबतं म्हणून ते पाणी कित्येक महिने बंद होतं, आणि सगळं कोरडंच चालायचं. तोंडावर लावायच्या पट्ट्या कपाटात होत्या, पाहुण्यांसाठी. त्या दिवशी पाहुणे म्हणजे मी आणि आमचा कॅमेरावाला, ज्याला सगळे लंबू म्हणायचे. लंबू दर दहा मिनिटांनी काच पुसत होता आणि शिव्या देत होता. मी दादाशी बोलायला म्हणून पट्टी खाली ओढली आणि लागोपाठ तीन शिंका आल्या. रुमाल नाकाला लावून काढला तर त्यावर कणकेसारखा राखाडी गोळा. दादा पोट धरून हसला. "अरे बारक्या, एवढ्यात?" म्हणाला, आणि खिशातून घडी घातलेला धुतलेला रुमाल काढून माझ्या हातात दिला. "घे. मी रोज दोन आणतो." निळ्या चौकटींचा होता तो. माझा मी तिथल्याच डब्यात टाकून दिला आणि दादाचा घेऊन आलो. परत द्यायचा राहिला, मग कधीतरी पडदा पुसायला लागला, आणि एकदा फडकं झाल्यावर त्याचं मूळ कोण विचारतो.

ती आठ सेकंदं मी वजाबाकीला घेतली होती. मुद्दाम दादाची घेतली, हौसेने, भाऊ म्हणून. काळ्या पडद्यावर उजेड वाढवला आणि मला जे दिसलं ते मी नीट बघितलं होतं. सहा वर्षांत ते मला एकदाही आठवलं नाही, आणि वहिनीने फोन ठेवल्यापासून दुसरं काही आठवेना. शाळेतली मुलं उडी मारत राहिली. लोक डोळ्यांत धूळ फेकतात म्हणतात. मी उलटं केलं होतं, डोळ्यांसमोरची धूळ काढून घेतली होती, आणि ती इतक्या सफाईने काढली होती की वहिनीलासुद्धा, जिने वीस वर्षं त्या खोलीतून आलेले कपडे दोनदा खंगाळून धुतले, भिंतीवरची हवा बघून स्वच्छ वाटलं.

पुसून टाकता येतं हे मला फार लवकर कळलं. दादा अकरा वर्षांचा होता, मी आठ. कशावरून भांडण झालं ते आता दोघांनाही आठवत नाही, पण मी कंपासपेटी फेकली आणि तिचा कोपरा दादाच्या डाव्या भुवईवर बसला. रक्त आलं, चांगलं भळाभळा आलं. आईने विचारल्यावर दादा म्हणाला, दाराला लागलं. मी शेजारी उभा होतो आणि मूग गिळून दाराकडे बघत होतो, जणू खरंच त्याचं काही चुकलंय. जखम भरली, पण भुवई तिथे कायमची तुटली. वर्षभराने शाळेसाठी फोटो काढायला गेलो. स्टुडिओतल्या म्हाताऱ्याने बारीक कुंचल्याने दादाची भुवई जोडून दिली, मागितलं नसताना. फोटो घरी आला तेव्हा आई म्हणाली, बघा किती छान आलाय. मला आजही तो सुटकेचा श्वास आठवतो. फोटोत काहीच झालेलं नव्हतं. फोटोत मी कोणालाच मारलेलं नव्हतं. मी हा धंदा का धरला असं कोणी विचारलं की मी कलेबिलेबद्दल काहीतरी सांगतो, लोकांना बरं वाटतं. पण खरं कारण तो म्हातारा आणि तो कुंचला. कारखान्याच्या फिल्ममध्ये दादा मान वर करून हसतो तिथेही त्याची तुटकी भुवई जुळून आली आहे. तेवढं मी हाताने केलेलं नाही. दाणे काढताना मशीनने आपणहून केलं.

दादाकडे मी चार महिन्यांत गेलो नव्हतो. जवळच राहतो, दोन बस थांबे, पण जायचं म्हणजे त्याचं बोलणं ऐकायचं. तो वाक्याच्या मध्येच थांबतो, दम घेतो, आणि समोरचा माणूस न राहवून ते वाक्य पुरं करायला जातो. ते नेहमी चुकीचंच पुरं होतं. दादा मग हात हलवून सोडून देतो. नाकाला नळी आणि नळीच्या टोकाला घरघरणारं यंत्र, तेही एका ओळखीच्या म्हाताऱ्याचं, उसनं आणलेलं, त्याच्या मुलाने परत मागितलेलं. आजार कामामुळे झाला असा कागद मिळाला तर छातीच्या मोठ्या इस्पितळात दादाचं नाव लागणार होतं आणि यंत्र घरी मिळणार होतं. नाही मिळाला तर तो एक खोकणारा माणूस, जगात असे पुष्कळ असतात. त्याच्याबरोबर घासणीत असलेले दोघे साक्षीला येतो म्हणाले होते, आले नाहीत. ते अजून तिथेच कामाला आहेत, त्यांना दोष देऊन काय उपयोग. सुंठीवाचून खोकला गेला तर बरंच, अशा बेताने कंपनी तारखा पुढे ढकलत होती. म्हणजे राहता राहिलो मी. बघितलेला माणूस.

जुनी कामं साठवलेल्या तबकड्या आमच्या मागच्या खोलीत बुटांच्या खोक्यांतून ठेवलेल्या असतात. मूळ नसणार हे मला माहीतच होतं, तरी आधी तेच शोधलं, एखाद वेळेस माझ्या हातून चूक झाली असेल या आशेने. माझ्या हातून चूक झालेली नव्हती. सगळं नेमाप्रमाणे पुसलेलं. लंबू परदेशी निघून गेला, त्याचा पत्ता कोणाला ठाऊक नाही. सापडली ती फक्त वजाबाकी. तिच्यात हरवलेलं मिळवून मूळ परत करता येईल का, असं एक क्षण वाटलं, पण तसं होत नाही. या वजाबाकीला चिन्ह नसतं. किती गेलं ते कळतं, उजेडाच्या बाजूला गेलं की काळोखाच्या ते कळत नाही, त्यामुळे परत मिळवायची सोय नाही. मी पडदे ओढले आणि ती आठ सेकंदं लावली. काळोख, आणि काळोखात खालून, जिथे दादाचे हात असायला हवेत तिथून, पांढरं काहीतरी उसळून वर येत होतं, पसरत होतं, पुन्हा येत होतं. मशीन नव्हतं, भिंत नव्हती, फरशी नव्हती. हे सगळं नीट टिकलं होतं, म्हणून वजा होऊन काळं झालं होतं. दादाही टिकला होता. त्याच्या जागी त्याच्या आकाराचा एक काळा तुकडा होता आणि त्याच्याभोवती ती धूळ. कण त्या काळ्या तुकड्याच्या दिशेने जायचे, तोंडाच्या जागेपाशी यायचे आणि नाहीसे व्हायचे. ते मी सलग अकरा वेळा बघितलं. कॅमेऱ्याचा दोष असता तर दाणे जागच्या जागी वळवळले असते. ते कुठे जात नाहीत, त्यांना कुठे जायचंच नसतं. धूळ वाहते. माझ्या धंद्यातल्या कोणालाही हे एका नजरेत कळेल. मलाही कळलं होतं, सहा वर्षांपूर्वीच, नाकात तिचा वास असतानाच. आणि तरी खाली फाइलचं नाव होतं, माझ्या हातचं: घासणी विभाग, कॅमेऱ्याचा दोष, काढला.

असं नाव मी का दिलं असेल? तेव्हा मी एवढंच म्हणालो असेन की काम अडायला नको. हे दाणे ठेवावेत तर हलक्या प्रकारात मावत नाहीत, जड करावं तर जागा नाही, आणि मॅनेजरला विचारावं की साहेब, तुमच्या खोलीतली हवा अशी दिसतेय, ठेवू का काढू, तर पुढचं काम गेलं. त्यापेक्षा एक शब्द बदलणं सोपं. धुळीला दोष म्हटलं की ती काढायची परवानगी आपोआप मिळते. शिवाय फिल्मबरोबर एक पत्र द्यायचं असतं, छापील, मी आजवर शेकडो दिली असतील: मूळ चित्रात कोणताही बदल केलेला नाही, खाली सही. ते पत्रही वकिलाने त्या दिवशी दाखवलं होतं, वहिनीने सांगितलं. म्हणजे मी धूळ होती असं म्हणालो तर पत्र खोटं, आणि पत्र खोटं तर माझी प्रत्येक सही खोटी. उद्या कोणतं गिऱ्हाईक माझ्या दारात उभं राहणार? मी फाइलचं नाव बदलू शकलो असतो. दोन क्षणांचं काम होतं. बदललं नाही. त्याला मी त्या आठवड्यात प्रामाणिकपणा म्हणत होतो, पुराव्याला हात लावू नये वगैरे. चोराच्या मनात चांदणं. खरी गोष्ट अशी की ते नाव म्हणजे मागचं दार होतं, आणि ते मी उघडं ठेवलं.

बुधवारी सुनावणीची खोली चांगलीच तापलेली. एकमेकांना जोडलेल्या खुर्च्या, एकजण हलला की सगळी रांग हलणारी. पहिल्या रांगेत दादा, मांडीवर यंत्राची पिशवी, शेजारी वहिनी, तिच्या मांडीवर कागदांची पिशवी. मला बघून दादाने भुवई उडवली, तुटकीच. समोर टेबलामागे निकाल द्यायला बसलेल्या बाई वयस्कर होत्या आणि त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं, हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं आणि मी घाबरलो. जाणून घ्यायचं नसलेल्या माणसाशी कसं बोलायचं याची मला सवय आहे. मी वजाबाकी काय असते ते सांगितलं, चांगलं सांगितलं, गाठोड्याचं उदाहरणही दिलं. मग ती आठ सेकंदं भिंतीवर लागली. खोलीत कोणीतरी श्वास आत ओढल्याचा आवाज झाला. बाई चष्मा सरळ करून पुढे झुकल्या. मला वाटलं, झालं, आता मला काही बोलायलाच नको. तेवढ्यात कंपनीचा वकील उठला. शांत माणूस होता. त्याने मला फक्त फाइलचं नाव मोठ्याने वाचायला सांगितलं. मी वाचलं. नाव कोणी दिलं? मी म्हणालो, मी. मग तो पत्राचा कागद हातात धरून नुसता उभा राहिला, काही न विचारता.

बाईंनी त्याला हाताने थांबवलं. "नाव राहू द्या," त्या मला म्हणाल्या. "मला चित्राबद्दल सांगा. तुम्ही या कामातले आहात. हे जे पांढरं हलतंय, ते धूळ आहे की कॅमेऱ्याचा दोष, हे बघून ओळखता येतं का?"

येतं, बाई. दोष जागच्या जागी राहतो आणि धूळ वाहते; बघा ती कशी हातांपासून निघते आणि कुठे जाते. एवढीच दोन वाक्यं होती. मी ती मनात नीट लावून ठेवली होती, येताना बसमध्ये पाठ केली होती. पण तिसरं वाक्य बाई विचारणार हे मला दिसत होतं. मग तुम्हाला हे तेव्हाच कळलं असेल. आणि त्या तिसऱ्याच्या मागे वकील, त्याच्या हातात माझी सही. मला त्या क्षणी दादा दिसत नव्हता, मला माझी तिसऱ्या मजल्यावरची ती दोन खोल्यांची जागा दिसत होती, काळे पडदे, माझी खुर्ची, जिच्या गादीला माझ्या बसण्याचा खड्डा पडलाय. आणि दार दिसत होतं. आईसमोर ज्याच्याकडे मी बघत उभा होतो ते दार, ज्याने बिचाऱ्याने काहीच केलं नव्हतं.

"एवढ्यावरून खात्रीने सांगता येणार नाही," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

खात्री नाही हे मी अगदी खात्रीने सांगितलं. बाई मागे टेकल्या आणि शेजारच्या कारकुनाला सांगू लागल्या, संथपणे, त्याला लिहिता यावं म्हणून: चित्रफितीवरून धूळ होती असं सिद्ध होत नाही. कारकुनाने सिद्ध हा शब्द दोनदा विचारला. वहिनी माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं मी चांगलं बोललो. एवढी अवघड माहिती दिली, सगळे गप्प होऊन ऐकत होते. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, आता लागेल ना हो आपल्या बाजूने? मी तिच्या हातातली कागदांची पिशवी घेतली, काहीतरी करावं म्हणून. दादा भिंतीला धरून एकेक पाऊल टाकत येत होता. तो फक्त म्हणाला, "घरी चल. ते मला... परत दाखव. तिथून नीट... दिसलं नाही."

दुपारची वेळ. घरात उकडत होतं, पण पंख्याच्या वाऱ्याने दादाला खोकला येतो म्हणून पंखा बंद. त्याची खाट पुढच्या खोलीत आणली आहे, खिडकीला लागून. वहिनी पाणी आणायला आत गेली. मी लॅपटॉप काढून खाटेवर ठेवला, उघडला, पडद्यावर खिडकीचा उजेड पडून बोटांचे ठसे दिसत होते. दादाला नीट दिसावं म्हणून मी लॅपटॉपच्या पिशवीत हात घातला, फडकं काढलं आणि पडदा पुसला, कोपऱ्यांपासून, रोज पुसतो तसा. मग ती आठ सेकंदं लावली.

दादा उशीला टेकून बघत होता. दुसऱ्यांदा लावल्यावर त्याने काळ्या तुकड्यावर बोट ठेवलं. हा मी? मी हो म्हणालो. मग असा काळा का, असं त्याने विचारलं, आणि मी समजावलं की जे राहिलं ते इथे दिसत नाही, जे काढून टाकलं तेवढंच दिसतं. त्याने मान हलवली, जणू हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. वहिनी पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "अगं बाई, एवढी?" आणि पुढे आलीच नाही. तिसऱ्यांदा दादाने बोट खाली नेलं, त्याच्या हातांच्या जागी, आणि तिथून एका कणाबरोबर हळूहळू वर आणलं, छातीवरून, गळ्यावरून, तोंडाच्या काळ्या जागेपर्यंत. मग दुसऱ्या कणाबरोबर. त्याला माझ्या धंद्यातलं काही कळत नाही. तो आठवी शिकलेला आहे.

"वाहतेय बघ," तो म्हणाला.

मी हो म्हणालो नाही. यंत्र घरघरत होतं. दादाची नजर पडद्यावरून माझ्या हाताकडे आली आणि तिथेच राहिली. त्याने हात पुढे केला, आणि मी, का ते न कळून, ते फडकं त्याच्या हातात दिलं. त्याने ते मांडीवर पसरलं. निळ्या चौकटी विटून राखाडी झाल्या होत्या, एका कडेची शिवण उसवली होती. वहिनीने घातलेली शिवण. तशी दुहेरी तिच्याशिवाय कोणी घालत नाही.

"हा माझा."

"हो."

"त्या दिवशीचा."

"हो," मी म्हणालो. ही दोन उत्तरं तरी खरी होती.

दादा बराच वेळ दम घेत राहिला. या खेपेला त्याचं वाक्य पुरं करायला मी गेलो नाही. "एवढं जरी..." तो म्हणाला, थांबला, नळी सारखी केली. "एवढं जरी सांगितलं असतंस त्या बाईंना. की माझा भाऊ... रोज दोन आणायचा." आवाजात राग नव्हता. राग यायलाही छातीत वारा लागतो. वहिनीच्या हातातला पेला कलला आणि पाणी जमिनीवर सांडलं. तिने ते पुसलं नाही, ती माझ्याकडे बघत होती, आणि या वेळी हसत नव्हती. मला वाटलं दादा म्हणेल, जाऊ दे, दाराला लागलं. तो तसं काही म्हणाला नाही. त्याने रुमालाची घडी घातली, मग आणखी एक घडी, कडेला कड जुळवून, आणि तो आपल्या सदऱ्याच्या खिशात ठेवून दिला.

"लाव परत," तो म्हणाला.

मी परत लावलं. त्याने बोट फिरवलं होतं तिथे पडद्यावर हातांपासून तोंडापर्यंत एक तेलकट रेघ उमटली होती, आणि ती पुसायला माझ्या हातात काही नव्हतं.